गेम कन्सोलला जादा पंखा का लागावा? एका जोडसाहित्याची चिकित्सा

१. प्रस्तावना

ऑनलाइन दुकानात गेम कन्सोल शोधला की त्याच्या शेजारी आणखी एक वस्तू हमखास दिसते: पंखे बसवलेला कूलिंग स्टँड, किंवा कन्सोलच्या पाठीला चिकटवायचा छोटा पंखा. जाहिरातीत कधी यंत्राचे आयुष्य वाढेल असे म्हटलेले असते, कधी खेळ अडखळणार नाही असे. पन्नास हजारांच्या आसपास किंमत असलेले यंत्र घेतल्यावर आणखी हजार-दोन हजार रुपये घालायला विद्यार्थी फारसा विचार करत नाही. विमा काढावा तशी ही खरेदी होते.

या टिपणात आपण त्या वस्तूची तांत्रिक आणि नैतिक अशी दुहेरी चिकित्सा करणार आहोत. प्रश्न असे: कन्सोलला आपल्या पोटातली उष्णता बाहेर टाकण्यासाठी दुसऱ्या वस्तूची मदत लागावी का? लागत असेल, तर तिचा खर्च कोणी सोसायचा? आणि ती वस्तू जे काम करते असे सांगितले जाते, ते ती खरोखर करते का?

टिपण समजायला अकरावी-बारावीचे पदार्थविज्ञान पुरेसे आहे. आकडेमोडीचा कंटाळा करू नका, कारण जाहिरातीतला दावा आणि वस्तुस्थिती यांतले अंतर शब्दांपेक्षा आकड्यांत लवकर दिसते.

२. दोन खोल्या, एक यंत्र

उदाहरणासाठी दोन ठिकाणे घेऊ. पहिले आनेकल. बेंगळुरूच्या दक्षिणेला, तमिळनाडूच्या सीमेला लागून असलेला हा तालुका समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीवर आहे. बोम्मसंद्र, जिगणी, अत्तिबेले या औद्योगिक वसाहती याच तालुक्यात येतात, आणि बाहेरगावचे अनेक विद्यार्थी व नोकरदार इथे लहान भाड्याच्या खोल्यांत राहतात. दुसरे ठिकाण अकोला, जिथे मे महिन्यात पारा ४२ अंशांच्या पुढे जाणे नित्याचे आहे. समजा, अकोल्याची एक विद्यार्थिनी शिकायला आनेकलला आली आणि आपला कन्सोल सोबत घेऊन आली. यंत्र तेच, खोल्या दोन.

कन्सोल वीज घेतो आणि ती जवळजवळ सगळी शेवटी उष्णतेत रूपांतरित होते. खेळ रंगात आला असताना कन्सोल २०० वॅट वीज घेतो असे धरू. त्याचा पंखा दर सेकंदाला २० लिटर हवा आतून फिरवतो असेही गृहीत धरू. हवा किती तापेल हे काढण्याचे सूत्र सोपे आहे: उष्णतेचा दर भागिले दर सेकंदाला वाहणाऱ्या हवेचे वस्तुमान गुणिले हवेची विशिष्ट उष्णता. समुद्रसपाटीला एक घनमीटर हवेचे वस्तुमान साधारण १.२ किलो असते आणि विशिष्ट उष्णता किलोमागे, अंशामागे सुमारे १००५ ज्यूल. उत्तर येते ८.३ अंश. म्हणजे आत गेलेली हवा सव्वाआठ अंशांनी तापून बाहेर पडते.

आता आनेकल. ९०० मीटर उंचीवर हवेचा दाब सुमारे दहा टक्क्यांनी कमी असतो, म्हणून त्याच तापमानाला हवाही तितकीच विरळ असते. पंखा पूर्वीइतकेच लिटर फिरवतो, पण त्या लिटरमधले वस्तुमान घटते. उत्तर ८.३ वरून ९.२ अंशांवर जाते. विरळ हवा हीट सिंकच्या पात्यांवरून उष्णताही थोडी कमी उचलते, पण सगळे मिळून फरक दोन-चार अंशांच्या पुढे जात नाही. उंचीमुळे कन्सोलला मदतीची गरज पडते, हा समज इथे टिकत नाही.

खोलीच्या तापमानाचे मात्र तसे नाही. खोली दहा अंशांनी तापली की आत जाणारी हवा दहा अंशांनी तापते आणि चिपही साधारण तेवढीच तापते. हिशेबातला सर्वांत जड आकडा हा आहे, आणि तो यंत्राच्या बाहेरचा आहे.

आता आनेकलच्याच खोलीत एक बदल करू. कन्सोल टीव्हीखालच्या कपाटात ठेवला, धूळ नको म्हणून दार लावून घेतले. बाहेर फेकलेल्या गरम हवेतली निम्मी हवा पुन्हा आत ओढली जाते असे धरा. थोडे बीजगणित केले, तर आत जाणाऱ्या हवेचे तापमान खोलीपेक्षा आणखी ९.२ अंशांनी वाढते असे दिसेल. खोली ३१ अंशांवर असेल, तर कन्सोल ४० अंशांची हवा घेत असतो. अकोल्यात मे महिन्याच्या दुपारी कूलर बंद असलेल्या खोलीत त्याला जशी हवा मिळाली असती, तशीच. आनेकलच्या सौम्य हवेत राहूनही एका बंद दारामुळे तुम्ही यंत्रासाठी विदर्भाचा उन्हाळा तयार करता.

३. जोडलेला पंखा नेमके काय करतो?

पंखा हवा हलवतो, थंड करत नाही. हे वाक्य सामान्य वाटेल, पण या सगळ्या बाजाराची मर्यादा त्यातच आहे. ४० अंशांच्या खोलीत तुम्ही दहा पंखे लावले तरी कन्सोलला ४० अंशांपेक्षा थंड हवा मिळणार नाही. खोलीची हवा खरोखर थंड करायची, तर एसी हवा किंवा विदर्भात घरोघरी असतो तसा वाळ्याच्या ताट्यांचा कूलर हवा. कूलर पाण्याच्या बाष्पीभवनाने हवेचे तापमान उतरवतो. (अर्थात कन्सोल त्याच्या ओलसर झोताच्या थेट समोर ठेवू नये.)

मग कूलिंग स्टँडचे पंखे काय करतात? कन्सोलच्या आत एक मोठा पंखा आधीच असतो. सोनीने ऑक्टोबर २०२० मध्ये प्लेस्टेशन ५ उघडून दाखवणारी चित्रफीत प्रसिद्ध केली. तीत अभियंते यासुहिरो ओतोरी यांनी दाखवलेला पंखा १२० मिलिमीटर व्यासाचा आणि ४५ मिलिमीटर जाडीचा आहे. चिप आणि हीट सिंक यांच्यामध्ये नेहमीच्या पेस्टऐवजी द्रवरूप धातू वापरला आहे. हवेचा मार्ग, पात्यांमधले अंतर, पंख्याचा वेग हे सगळे एकमेकांशी जुळवलेले असते. अशा मार्गाच्या तोंडाशी बोटाएवढ्या जाडीचे दोन पंखे लावले, तर मोठ्या पंख्याच्या कामात फार भर पडत नाही. दिशा चुकली तर अडथळाच होतो. हे छोटे पंखे बहुतेक वेळा कन्सोलच्याच यूएसबी पोर्टमधून वीज घेतात, म्हणजे ज्या यंत्राची काळजी घ्यायची, त्याच्याच वीजपुरवठ्यावर थोडा भार टाकतात. आणि स्टँड बंद कपाटातच ठेवला असेल, तर तो तीच तापलेली हवा कपाटात घुसळत बसतो.

‘खेळ अडखळणार नाही’ हा दावाही तपासू. मार्च २०२० मध्ये प्लेस्टेशन ५ चे मुख्य रचनाकार मार्क सर्नी यांनी त्याच्या रचनेवर एक तांत्रिक व्याख्यान दिले. त्यात त्यांनी स्पष्ट केले की चिपचा वेग तिच्या प्रत्यक्ष तापमानावरून ठरत नाही, ती किती काम करते आहे त्यावरून ठरतो. हेतू असा की थंड खोलीतला आणि उबदार खोलीतला कन्सोल सारखाच चालावा. उत्पादकाने यंत्र असे बांधले असेल, तर नेहमीच्या वापरात बाहेरून पंखा लावून खेळ वेगवान होण्याचा मार्गच उरत नाही. अति तापल्यास यंत्र सूचना देते आणि बंद पडते. तिथवर गोष्ट गेली असेल, तर कारण धूळ, कोंडलेली जागा किंवा बिघाड यांत शोधायचे.

एक गैरसमज इथेच दूर करू. कन्सोलच्या मागे हात धरल्यावर गरम हवा लागली की पुष्कळजण घाबरतात. बाहेर पडलेली उष्णता म्हणजे आत न राहिलेली उष्णता. २०२१ मध्ये प्लेस्टेशन ५ ची सुमारे ३०० ग्रॅमने हलकी, लहान हीट सिंकची आवृत्ती आली. तेव्हा बाहेर पडणारी हवा अधिक गरम आहे एवढ्यावरून ती आवृत्ती वाईट ठरवली गेली. आतल्या भागांची मोजमापे झाल्यावर चित्र अधिक गुंतागुंतीचे निघाले. काय मोजले आणि कुठे मोजले, हे विचारल्याशिवाय तापमानाचा कोणताही आकडा स्वीकारू नका.

मोबाइलला मागून लावायचे पेल्टिए कूलर हा वेगळा प्रकार आहे. फोनला सहसा पंखा नसतो, आणि पेल्टिए घटक विजेच्या जोरावर एक बाजू खोलीपेक्षा थंड करू शकतो. तिथे दमट हवेत पाणी साचण्याचा धोका असला, तरी निदान भौतिकशास्त्र जाहिरातीच्या बाजूने आहे. कन्सोलच्या पंख्यांना तो आधार नाही.

४. लाल वर्तुळाचा धडा

‘कन्सोल तापून मरतात’ ही भीती कल्पनेतून आलेली नाही. मायक्रोसॉफ्टचा एक्सबॉक्स ३६० नोव्हेंबर २००५ मध्ये अमेरिकेत आणि २००६ मध्ये भारतात आला. काही काळातच असंख्य यंत्रांच्या दर्शनी भागावर तीन लाल दिवे लागून ती बंद पडू लागली. खेळणाऱ्यांनी त्याला ‘रेड रिंग ऑफ डेथ’ म्हटले. जुलै २००७ मध्ये कंपनीने या बिघाडासाठी वॉरंटी तीन वर्षांपर्यंत वाढवली आणि त्यापोटी एक अब्ज डॉलरहून अधिक रकमेची तरतूद केली.

त्या काळात निको या कंपनीचा ‘इंटरकूलर’ नावाचा पंखा लोकप्रिय झाला. तो एक्सबॉक्सच्या पाठीला बसायचा आणि कन्सोलच्याच वीजजोडणीतून वीज घ्यायचा. जोडणीचा भाग वितळल्याच्या, करपल्याच्या तक्रारी आल्या. असा पंखा वापरल्यास वॉरंटी धोक्यात येऊ शकते, अशी भूमिका मायक्रोसॉफ्टने घेतली, आणि निकोने नंतर जोडणीत सुधारणा केलेली आवृत्ती काढली. म्हणजे कन्सोलच्या दोषाला घाबरून घेतलेल्या वस्तूने ग्राहकापुढे आणखी एक धोका ठेवला, आणि दुरुस्तीचा हक्क गमावण्याची वेळही त्याच्यावरच आली.

बिघाडाचे मूळ काय होते? मायक्रोसॉफ्टच्या अभियंत्यांनी २०२१ च्या ‘पॉवर ऑन’ या माहितीपट मालिकेत सांगितले त्यानुसार, यंत्र पुन्हा पुन्हा तापून आणि निवून घटकांच्या आतल्या सूक्ष्म जोडण्या तुटत होत्या. तापले की पदार्थ प्रसरण पावतात, निवले की आकुंचन पावतात, आणि वेगवेगळे पदार्थ वेगवेगळ्या प्रमाणात. दर वेळी जोडणीवर ताण येतो. बाहेरचा पंखा हे चक्र थांबवू शकत नाही. यंत्र चालू-बंद होत राहणारच. उपाय शेवटी आराखड्यातून झाला. पुढच्या आवृत्त्यांत कमी वीज घेणाऱ्या चिप आल्या, आणि २०१० च्या एक्सबॉक्स ३६० एस मध्ये दोन मुख्य चिप एकत्र करून शीतनाची मांडणी नव्याने केली गेली.

या प्रकरणातून एक निकष मिळतो. शीतन हा यंत्राचा अंगभूत भाग आहे. तो अपुरा असेल तर तो आराखड्याचा दोष, आणि तो दूर करणे उत्पादकाचे काम. मोटारीला रेडिएटर वेगळा विकत घ्यावा लागला असता, तर त्याला आपण ‘ॲक्सेसरी’ म्हटले असते का?

५. छापील ३५ अंश आणि आपली घरे

इथपर्यंत निकाल उत्पादकाच्या बाजूने झुकलेला वाटेल: यंत्र नीट बांधलेले आहे, तुम्ही कपाटाचे दार उघडा, प्रश्न मिटला. पण माहितीपुस्तिका काढून पाहा. प्लेस्टेशन ५ साठी वापराचे तापमान ५ ते ३५ अंश दिलेले असते. निन्टेन्डो स्विचसाठीही तेच. जुलै २०२२ मध्ये जपानमध्ये उष्णतेची लाट असताना निन्टेन्डोने ३५ अंशांच्या वर यंत्र वापरू नये, अशी आठवण ग्राहकांना करून दिली होती.

आनेकलमध्ये ही मर्यादा वर्षातले बहुतेक दिवस पाळली जाते, तरी नेहमी नाही. बेंगळुरूत २४ एप्रिल २०१६ रोजी ३९.२ अंशांची नोंद झाली होती. अकोला, नागपूर, चंद्रपूर, जळगाव इथे मात्र एसी किंवा कूलर नसलेल्या घरात ही मर्यादा उन्हाळ्यात आठवडेच्या आठवडे ओलांडली जाते. म्हणजे ज्या यंत्राची भारतात अधिकृत विक्री होते, ते भारतातल्या मोठ्या भूभागात उन्हाळ्याच्या सुट्टीत छापील मर्यादेबाहेर चालवले जाते. आणि सुट्टी हाच खेळण्याचा काळ!

याहून चांगले करता येते का? पुन्हा उदाहरण घेऊ. चिप ९५ अंशांपर्यंत सुरक्षित आहे असे माना. खोली ३५ अंशांची असेल, तर उष्णता वाहून नेण्यासाठी ६० अंशांचा फरक उपलब्ध असतो. खोली ४५ अंशांची झाली, तर ५० अंशांचा. तेवढीच उष्णता काढायला शीतनव्यवस्था सुमारे २० टक्क्यांनी अधिक कार्यक्षम हवी. हे अवघड आहे, खर्चिक आहे, पण अशक्य कोटीतले नाही.

फ्रिजच्या बाबतीत हा प्रश्न कधीच सोडवला गेला आहे. फ्रिजला ‘हवामान वर्ग’ असतो. सामान्य वर्गाचा फ्रिज १६ ते ३२ अंशांच्या परिसरासाठी, उपोष्ण वर्गाचा ३८ पर्यंत, तर उष्णकटिबंधीय वर्गाचा ४३ अंशांपर्यंत. तुमच्या घरातल्या फ्रिजच्या लेबलवर तो वर्ग शोधून पाहा. भारतात व्हिडिओ गेम यंत्रांना सक्तीच्या नोंदणी आदेशाखाली भारतीय मानक ब्यूरोकडे नोंदणी करावी लागते. २०१२ च्या मूळ आदेशाच्या यादीतच त्यांचा समावेश होता. पण ही नोंदणी विजेचा धक्का, आग यांसारख्या सुरक्षेच्या बाबी पाहते. ४२ अंशांच्या खोलीत यंत्र पाच वर्षे टिकेल का, हे ती विचारत नाही.

माझे मत या ठिकाणी स्पष्टपणे मांडतो. छापील मर्यादेच्या आत कन्सोलला जोडपंखा लागता कामा नये. लागला तर यंत्र सदोष आहे. छापील मर्यादेच्या बाहेर जोडपंखा उपयोगी पडत नाही, कारण तो हवा थंड करत नाही. म्हणून या वस्तूला प्रामाणिक जागा फार थोडी उरते. खरी मागणी वेगळी असायला हवी: कन्सोलच्या खोक्यावर, दर्शनी बाजूला, फ्रिजसारखा हवामान वर्ग छापा, म्हणजे अकोल्याचा ग्राहक पैसे देण्यापूर्वी तो वाचू शकेल.

६. दुसरी बाजू

या मताविरुद्ध तीन आक्षेप घेता येतात, आणि ते ऐकायला हवेत.

पहिला: प्रत्येक हवामानासाठी वेगळे यंत्र बांधले तर किंमत वाढेल. हे खरे आहे. पण हवामान वर्ग छापण्यासाठी वेगळे यंत्र बांधावे लागत नाही. आहे त्या यंत्राबद्दल खरे सांगावे लागते. किंमत देऊन अधिक सहनशील आवृत्ती घ्यायची की नाही, हे मग ग्राहक ठरवेल.

दुसरा: पंख्याने फायदा नसला तरी नुकसान काय? नुकसान तीन प्रकारचे आहे. एक, पैसे. दोन, जोडणीतला धोका आणि वॉरंटीचा वाद. तिसरे अधिक सूक्ष्म आहे: पंखा लावला की आपण काळजी घेतली असे वाटते आणि कपाटाचे दार बंदच राहते.

तिसरा: काही कोंडलेल्या जागांत बाहेरचा पंखा खरोखर उपयोगी पडतो. मान्य. कपाटाच्या पाठीला भोक पाडून तिथे बसवलेला, कपाटातली हवा खोलीत फेकणारा पंखा हिशेबातला ९.२ अंशांचा जादा आकडा कमी करतो. पण तो कपाटाचा इलाज झाला, कन्सोलचा नव्हे. आणि कन्सोल कपाटाबाहेर ठेवणे त्याहून स्वस्त आहे.

वापरणाऱ्याचीही जबाबदारी असते, हे इथे नोंदवले पाहिजे. जिगणीत ग्रॅनाइट कापण्याचे, घासण्याचे पुष्कळ कारखाने आहेत. अशा परिसरात खिडकीजवळ ठेवलेल्या यंत्रात बारीक धूळ साचणारच. जाळ्या धुळीने बुजल्या की पंखा जोरात फिरतो, हवा मात्र कमी वाहते. यंत्र बंद करून, प्लग काढून, बाहेरच्या जाळ्या महिन्या-दोन महिन्यांनी स्वच्छ करणे हा यंत्र जपण्याचा बिनखर्चाचा उपाय आहे. द्रवरूप धातू असलेले यंत्र घरी उघडू मात्र नका. तो धातू विजेचा वाहक असतो आणि भलत्या जागी सांडला तर सर्किट जळते.

७. कायदा काय म्हणतो?

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मधील ‘दोष’ या शब्दाची व्याख्या ध्यानात ठेवण्याजोगी आहे. कायद्याने किंवा कराराने आवश्यक असलेल्या, अथवा विक्रेत्याने दावा केलेल्या दर्जातली उणीव म्हणजे दोष. माहितीपुस्तिकेत छापलेले ‘५ ते ३५ अंश’ हा असाच एक दावा आहे. ३० अंशांच्या खोलीत, मोकळ्या जागी, स्वच्छ जाळ्यांसह ठेवलेला कन्सोल तापून बंद पडत असेल, तर ‘एक स्टँड घ्या’ हा सल्ला पुरेसे उत्तर ठरत नाही. वॉरंटीच्या काळात दुरुस्ती किंवा बदली मागणे योग्य आहे. तक्रार तुम्ही राहता किंवा नोकरी करता त्या ठिकाणच्या ग्राहक आयोगाकडे दाखल करता येते. अकोल्यात घेतलेल्या यंत्रासाठी आनेकलच्या विद्यार्थिनीला अकोल्याला जावे लागत नाही. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे.

याच कायद्यात ‘उत्पादन दायित्व’ हे स्वतंत्र प्रकरण आहे, पण त्यातल्या ‘हानी’मध्ये खुद्द त्या वस्तूचे झालेले नुकसान धरलेले नाही. कन्सोल तापून टेबल जळले, तर हे प्रकरण लागू पडू शकते. फक्त कन्सोल बंद पडला, तर दोषाची साधी तक्रार हाच मार्ग. आणि ४२ अंशांच्या खोलीत यंत्र बंद पडले तर? उत्पादक छापील मर्यादेकडे बोट दाखवेल, आणि तुमची बाजू कमजोर होईल. खोक्यावर हवामान वर्ग हवा, या मागणीचे महत्त्व इथेच आहे. माहिती आधी मिळाली तर ती निवडीला मदत करते. बिघाडानंतर पुस्तिकेच्या आतल्या पानावर सापडली, तर ती फक्त उत्पादकाचा बचाव करते.

८. समारोप

आपण पाहिले की उंचीमुळे पडणारा फरक किरकोळ आहे, खोलीच्या आणि कपाटाच्या तापमानाचा फरक मोठा आहे. जोडपंखा यांपैकी एकही गोष्ट बदलत नाही. एक्सबॉक्स ३६० च्या बाबतीत दोष आराखड्यात होता आणि तो आराखड्यातच दुरुस्त झाला. उरतो तो छापील ३५ अंश आणि आपला उन्हाळा यांच्यातला विसंवाद. तो भरून काढण्याचे काम आज ग्राहकाच्या खिशावर टाकले जाते, आणि तेही अशा वस्तूच्या रूपाने, जिला ते काम करता येत नाही. तुमच्यापैकी काहीजण उद्या यंत्रे घडवतील, काही मानके लिहितील. खोलीचे तापमान म्हणून कोणता आकडा धरायचा, हे ठरवताना अकोल्याची दुपार आठवा.

स्वाध्याय

१. बाहेर पडलेल्या हवेतली एक तृतीयांश हवा पुन्हा आत येत असेल, तर आनेकलच्या उदाहरणात आत जाणारी हवा खोलीपेक्षा किती अंशांनी गरम असेल?

२. तुमच्या गावातील मे महिन्याचे कमाल तापमान शोधा. तुमच्या घरातील कोणत्या तीन विद्युत उपकरणांची छापील तापमानमर्यादा त्याहून कमी आहे?

३. एका कूलिंग स्टँडची जाहिरात निवडा. तिच्यातील प्रत्येक दाव्यापुढे ‘तपासता येईल’, ‘तपासता येणार नाही’ किंवा ‘भौतिकशास्त्राशी विसंगत’ असे लिहा आणि कारण द्या.

४. “हवामान वर्ग छापण्याची सक्ती केली तर भारतात कन्सोल विकणेच परवडणार नाही.” या विधानाच्या बाजूने आणि विरोधात प्रत्येकी १५० शब्द लिहा.